आधी पक्ष, मग कारणं

नागरिकत्वाची शपथ घेऊन सभागृहाबाहेर आले, तर तिथे एका टेबलावर मतदार नोंदणीचे अर्ज ठेवलेले होते. हातात छोटा झेंडा, पर्समध्ये प्रमाणपत्र आणि आईला व्हिडिओ कॉल करायची घाई. नाव, पत्ता, जन्मतारीख भरभर लिहिली आणि एका रकान्याशी पेन थांबलं. तुमचा पक्ष कोणता?

भारतात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न सरकारी कागदावर बघून जरा दचकायलाच होतं. आपल्याकडे मत गुप्त, आणि कोण कुठल्या पक्षाचं हा चहाच्या टपरीवर नाहीतर लग्नाच्या पंगतीत कळायचा विषय. इथे कॅलिफोर्नियात मात्र नोंदणी करतानाच पक्षाची पसंती लिहिता येते, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीत तुम्हाला कोणती मतपत्रिका मिळणार हे त्यावर अवलंबून असतं. ‘कोणताच पक्ष नाही’ असाही पर्याय असतो. मी फार विचार न करता एका चौकोनात खूण केली. दहा सेकंद लागले असतील.

पुढे गणपतीत, मंडळाच्या जेवणाच्या वेळी काकांनी विचारलं, “काय गं, कुठला पक्ष लिहिलास मग?” हे काका नात्यातले नाहीत. मी पीएचडीसाठी इथे आले तेव्हा पहिले पंधरा दिवस त्यांच्या घरी राहिले होते. अपार्टमेंटचं डिपॉझिट त्यांनी भरलं, गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. मी पक्षाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, “का?” माझ्या तोंडून लागोपाठ तीन कारणं बाहेर पडली. काका दुसऱ्या पक्षाचे. त्यांच्याकडेही तीन कारणं तयार होती. मग आवाज चढले. “तुम्हा शिकलेल्यांना वाटतं, तुम्हालाच सगळं कळतं,” असं ते म्हणाले, आणि त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर सहा महिने आमचा फोन नाही.

भांडणाचं वाईट वाटत होतंच. पण हळूहळू दुसरीच एक गोष्ट मनात टोचायला लागली. खूण करायला मला दहा सेकंद लागले होते आणि कारणं सांगायलाही तेवढेच. त्या अर्जासमोर उभी असताना ही तीन कारणं माझ्या मनात आली होती का? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं होतं. मग ती आली कुठून?

मी जीवशास्त्रज्ञ आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजते तेव्हा काचपट्टीवरचं लेबल झाकून ठेवते. कुठल्या पट्टीवर औषध घातलंय हे माहीत असेल, तर डोळ्यांना हवं तेच दिसतं. हा प्रयोगशाळेतला साधा नियम आहे. राजकारणात मात्र मी लेबल आधी वाचून मग पेशी मोजत होते की काय? म्हणून राज्यशास्त्र आणि मानसशास्त्रात या प्रश्नावर काय सापडलंय ते वाचायला घेतलं. त्यातलं जे मला महत्त्वाचं वाटलं ते पुढे मांडते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मी कुठल्या पक्षावर खूण केली आणि काका कुठल्या पक्षाचे, हे मुद्दाम लिहिलेलं नाही. का, ते पुढे कळेल.

‘आम्ही अमक्याचे’

माझं आजोळ अलिबाग तालुक्यातलं. आजोबा शेतकरी कामगार पक्षाचे. घरात कधी कुणी “आम्हाला शेकापची धोरणं पटतात” असं म्हटलेलं मला आठवत नाही. म्हणायचे, “आम्ही लाल बावट्याचे.” आम्ही अलिबागचे, आम्ही पाटलांचे, आम्ही लाल बावट्याचे. मराठीत पक्षाला लागतो तो ‘चा-ची-चे’ प्रत्यय मताचा नाही, नात्याचा आहे.

अमेरिकी संशोधक थोड्या वेगळ्या वाटेने याच ठिकाणी पोचले. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने १९५२ पासून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी देशभर मुलाखती घ्यायला सुरुवात केली. त्यांचा प्रश्न साधारण असा होता: एरवी तुम्ही स्वतःला कोण समजता? रिपब्लिकन, डेमोक्रॅट, अपक्ष की आणखी काही? मत कुणाला देणार, हे इथे विचारलेलं नाही. ‘स्वतःला कोण समजता’ असं विचारलंय. उत्तरानंतर ‘पक्के की जेमतेम’ असा उपप्रश्न, आणि अपक्ष म्हणणाऱ्यांना ‘पण कल कुणाकडे’ असा. यातून सात पायऱ्यांची एक पट्टी तयार झाली. ती आजही वापरात आहे.

अँगस कॅम्पबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स या चौघांनी १९६० साली ‘द अमेरिकन व्होटर’ या पुस्तकात या मुलाखतींचा निष्कर्ष मांडला. बहुतेक लोकांसाठी पक्ष हा धोरणं तोलून मापून काढलेला निष्कर्ष नसतो. तो तरुणपणीच जडलेला आणि वर्षानुवर्षं टिकणारा जिव्हाळा असतो. उमेदवार, बातम्या आणि घोटाळे आपण त्याच चष्म्यातून बघतो. २००२ साली डोनाल्ड ग्रीन, ब्रॅडली पामक्विस्ट आणि एरिक शिकलर यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मते पक्षाशी असलेलं नातं धर्माशी किंवा समाजाशी असलेल्या नात्याच्या जवळ जातं. डेमोक्रॅट म्हटलं की कोणती माणसं डोळ्यांसमोर येतात, रिपब्लिकन म्हटलं की कोणती, आणि त्यांपैकी आपली कोणती, हा खरा प्रश्न असतो.

‘आपली माणसं’ ही भावना जडायला फार काही लागत नाही. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार तुमचे दोन गट पाडलेत असं सांगितलं. खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. आपल्या गटात कोण कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्या गटाला एकूण कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळायला हवेत, अशीही वाटणी काहींनी केली.

घरातून काय येतं

मग ही आपली माणसं पहिल्यांदा ठरतात कुठे? बहुतेकांची घरीच. केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड नीमी यांनी १९६५ साली अमेरिकेतल्या शाळांत शेवटच्या वर्षाला असलेल्या १,६६९ मुलामुलींच्या आणि त्यांच्या पालकांच्या स्वतंत्र मुलाखती घेतल्या. डेमोक्रॅट, अपक्ष, रिपब्लिकन असे तीन गट धरले, तर दर १० पैकी साधारण ६ मुलं पालकांच्याच गटात होती. थेट विरुद्ध पक्षात गेलेली मुलं १० टक्क्यांहून कमी होती. उरलेली बरीचशी अपक्ष म्हणवून घेत होती. गंमत म्हणजे एकेका धोरणाबद्दल विचारलं, तर पालक आणि मुलं यांची मतं पक्षाइतकी जुळत नव्हती. म्हणजे घरातून लेबल आधी येतं. त्यातला मजकूर मागून भरला जातो.

“पण हे जनुकांमुळेही असू शकेल की,” असा प्रश्न जीवशास्त्रवाल्यांच्या मनात येणारच. माझ्याही आला. त्याचं उत्तर शोधायला जुळी भावंडं उपयोगी पडतात. एकाच बीजांडापासून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी असतात, तर दोन बीजांडांपासून झालेल्यांची सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकेका घरातच वाढतात, त्यामुळे त्यांची तुलना करून घराचा वाटा आणि जनुकांचा वाटा वेगळा काढता येतो. जॉन अल्फर्ड, कॅरोलिन फंक आणि जॉन हिबिंग यांनी २००५ साली अशा जुळ्यांची माहिती तपासली. माणूस एकूण परंपरावादी आहे की उदारमतवादी, यातल्या फरकांमध्ये जनुकांचा वाटा निम्म्याच्या आसपास निघाला. पण ‘कुठला पक्ष’ या प्रश्नात जनुकांचा वाटा जेमतेम सातवा हिस्सा होता आणि सामायिक घराचा वाटा त्याहून पुष्कळ मोठा. ‘वाटा’ म्हणजे लोकांमधल्या फरकांचा वाटा, एका माणसाच्या मताचा नव्हे. थोडक्यात, स्वभावाचा कल काही प्रमाणात घेऊन आपण जन्माला येतो, पण पक्षाचं नाव मात्र घरात शिकतो.

ज्यांच्या घरी हा वारसाच नाही

आता आपल्यासारख्यांचं काय? आजोबांचा लाल बावटा सातासमुद्रापार येत नाही. शेकाप, काँग्रेस, शिवसेना, भाजप या नावांचा इथल्या दोन पक्षांशी एकास एक मेळ बसत नाही. पंचविशीत किंवा चाळिशीत आलेल्या माणसाला पक्ष कोऱ्या पाटीवर लिहायचा असतो.

झोल्टन हाजनल आणि टेकू ली यांनी २०११ सालच्या पुस्तकात दाखवलं, की लॅटिनो आणि आशियाई-अमेरिकन लोकांपैकी फार मोठा हिस्सा स्वतःला ना डेमोक्रॅट म्हणवतो, ना रिपब्लिकन. अनेक जण तर ‘अपक्ष’ही नाही म्हणत, प्रश्नच आपला नाही असं समजतात. मिशिगनची सात पायऱ्यांची पट्टी जणू इथेच जन्मलेल्यांसाठी बनवलेली होती.

या कोऱ्या पाटीवर अक्षरं कशी उमटतात, यावर अलेक्झांडर कुओ, नील मल्होत्रा आणि सेसिलिया मो यांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटला. आशियाई-अमेरिकन विद्यार्थ्यांना एका पाहणीसाठी बोलावलं. त्यांपैकी निम्म्यांना गोरी साहाय्यक सहज म्हणाल्यासारखं म्हणाली: माफ करा, ही पाहणी फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे, तुम्ही नागरिक आहात का? मला सांगता येत नाहीये. बाकीच्यांना असं काही म्हटलं नाही. त्यानंतर सगळ्यांनी तीच प्रश्नावली भरली. ज्यांना तो प्रश्न ऐकावा लागला, त्यांचा डेमोक्रॅटिक पक्षाकडचा कल वाढलेला दिसला. धोरणाबद्दल एक अक्षर बोललं गेलं नव्हतं. फक्त ‘तू इथली आहेस का’ ही शंका उमटली होती, आणि त्या क्षणी ज्या पक्षात आपल्याला जागा असेल असं वाटलं, तिकडे मन झुकलं.

हा कल कायमचा किंवा एकाच दिशेचा असतो असं नाही. १९९२ च्या एक्झिट पोलमध्ये निम्म्याहून अधिक आशियाई-अमेरिकन मतदारांनी रिपब्लिकन उमेदवार थोरले बुश यांना मत दिल्याचं सांगितलं होतं. वीस वर्षांनी, २०१२ मध्ये, जवळपास तीनचतुर्थांश ओबामांकडे होते. कार्नेगी एंडोमेंटच्या पाहणीत २०२० साली भारतीय-अमेरिकनांपैकी ५६ टक्के स्वतःला डेमोक्रॅट म्हणत होते, तर २०२४ साली ४७ टक्के, आणि अपक्ष म्हणवणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं. घरचा वारसा नसलेल्या समाजाचा काटा जास्त हलता राहतो, असं मला यावरून वाटतं.

‘कोणताच नाही’ म्हणणंही वाटतं तितकं सोपं नाही. कॅलिफोर्नियाच्या अर्जावर ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’ नावाचा एक पक्ष असतो. १९६० च्या दशकात वांशिक विलगीकरणाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या उमेदवारीभोवती उभा राहिलेला हा कडवा उजवा पक्ष. २०१६ साली ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्याच्या नोंदणीकृत सदस्यांची पाहणी केली, तेव्हा दर चारांपैकी जवळपास तिघांना आपण एका पक्षाचे सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. नावातला ‘इंडिपेंडंट’ शब्द वाचून त्यांनी आपण अपक्ष आहोत असं समजून खूण केली होती! आणि जे खरोखर अपक्ष म्हणवतात, त्यांच्यातल्याही बहुतेकांचा कल विचारला की एका पक्षाकडे निघतो, आणि मत देताना ते त्या पक्षाच्या जेमतेम समर्थकांसारखेच वागतात.

आणि कारणं?

इथवर पक्ष कुठून येतो ते पाहिलं. आता माझ्या तीन कारणांकडे वळू.

मिशिगनच्या गटाने १९५६ साली लोकांना मोकळा प्रश्न विचारला: या पक्षात तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही? मग उत्तरांची वर्गवारी केली. ज्यांच्या उत्तरात काही विचारसरणी दिसते, असे लोक अगदी सढळ हाताने मोजले तरी साधारण १२ टक्के भरले. सर्वांत मोठा गट, ४२ टक्के, ‘हा पक्ष शेतकऱ्यांचा’, ‘तो बड्या धंदेवाल्यांचा’ अशा धर्तीवर बोलत होता. २४ टक्के काळ चांगला की वाईट यावर बोट ठेवत होते. उरलेल्या २२ टक्क्यांच्या उत्तरात धोरणाचा मुद्दाच नव्हता. म्हणजे कारणं विचारली तरी बहुतेक वेळा ‘आम्ही कोणाचे’ हेच उत्तर मिळत होतं.

पण सुशिक्षित माणूस धोरणाची भाषा बोलतो, आणि खरी गोची तिथेच होते. आपण का वागलो हे आपल्याला आतून दिसतं, असं आपण धरून चालतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ साली या समजुतीला सुरुंग लावला. एका दुकानात त्यांनी नायलॉनच्या स्टॉकिंग्जचे चार जोड मांडले आणि सर्वांत चांगला कोणता, ते ग्राहकांना विचारलं. चारही जोड हुबेहूब सारखे होते. तरी सर्वांत उजवीकडच्याला सर्वांत डावीकडच्याच्या जवळजवळ चौपट पसंती मिळाली. कारण विचारल्यावर लोकांनी वीण आणि पोत यांबद्दल सांगितलं. जागेचं नाव कुणीही काढलं नाही. “जागेमुळे तर नाही ना?” असं थेट विचारलं, तेव्हा बहुतेकांनी विचारणाऱ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या मनाने पटण्याजोगं कारण तयार करून पुढे ठेवलं होतं आणि त्यांनी ते खरं मानलं होतं.

राजकारणात याचं सर्वांत स्वच्छ चित्र जेफ्री कोहेन यांच्या २००३ सालच्या प्रयोगांत दिसतं. त्यांनी विद्यार्थ्यांना गरिबांसाठीच्या एका मदत योजनेची माहिती वाचायला दिली. एक योजना अतिशय उदार होती आणि दुसरी अतिशय कडक. नुसती योजना दिली, तेव्हा अपेक्षेप्रमाणे उदारमतवादी विद्यार्थ्यांना उदार योजना आवडली आणि परंपरावाद्यांना कडक. मग त्याच योजनेवर ‘हिला डेमोक्रॅट नेत्यांचा पाठिंबा आहे’ किंवा ‘रिपब्लिकन नेत्यांचा आहे’ एवढं लेबल लावलं. बस्स! आपल्या पक्षाचं लेबल असेल तर उदारमतवाद्यांना कडक योजना चालली आणि परंपरावाद्यांना उदार. मजकुराचा परिणाम जवळपास पुसला गेला.

खरा धडा याच्या पुढे आहे. तुमचं मत कशावरून ठरलं, असं विचारल्यावर विद्यार्थ्यांनी योजनेचे तपशील आणि स्वतःची तत्त्वं पुढे केली. पक्षाचा प्रभाव त्यांनी सर्वांत खाली ठेवला. मात्र इतरांच्या मतावर, विशेषतः विरोधकांच्या मतावर, पक्षाचा प्रभाव पडतो असं त्यांनी आनंदाने मान्य केलं. हे वाचताना मला मंडळाच्या जेवणातला माझाच आवाज ऐकू आला. माझी ती तत्त्वं आणि काकांची ती अंधभक्ती!

(मी लेबल का झाकलं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. ते दिसलं असतं, तर हा लेख तुम्ही त्याखाली वाचला असता.)

तिसरा प्रयोग स्वीडनमधला. २०१० च्या निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्यात लार्स हॉल, पेटर योहानसन आणि सहकाऱ्यांनी माल्मो आणि लुंड या शहरांत रस्त्यावर १६२ लोकांना गाठलं. डाव्या आणि उजव्या आघाडीत ज्यांवर मतभेद होते अशा १२ मुद्द्यांवर प्रत्येकाने आपलं मत कागदावर नोंदवलं. दरम्यान संशोधकाने हातचलाखी करून काही उत्तरं विरुद्ध बाजूची असलेली पट्टी त्या कागदावर चिकटवली. मग विचारलं: तुम्ही हे उत्तर का दिलंत, सांगाल का? बदललेल्या उत्तरांपैकी जास्तीत जास्त २२ टक्के पकडली गेली. बाकीच्यांच्या बाबतीत लोकांनी स्वतः न दिलेल्या उत्तराचं मनापासून समर्थन केलं. शेवटी बेरीज करून ‘तुमचा कल या आघाडीकडे दिसतो’ असं दाखवलं, तेव्हा ९२ टक्के लोकांनी ती बेरीज मान्य केली. त्यानंतर ४८ टक्के लोक, आधीपासून ज्यांचं ठरलं नव्हतं तेही धरून, पलीकडच्या आघाडीचा विचार करायला तयार होते. मतचाचण्यांनुसार असे मतदार जास्तीत जास्त १० टक्के होते. अर्थात शेवटी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं गेलं.

या प्रयोगाची दुसरी बाजू मला आशादायक वाटते. कारणं मागून येतात हे खरं. पण लेबल बाजूला झालं, की तोच माणूस दुसऱ्या बाजूची कारणंही तितक्याच सहज देऊ शकतो. म्हणजे ती त्याच्याजवळ होतीच.

मग विचाराला काही किंमतच नाही?

असं म्हणणं टोकाचं होईल. पक्षाचं लेबल हा शॉर्टकट आहे, आणि शॉर्टकट वापरणं मूर्खपणा नाही. मतपत्रिकेवर डझनभर पदं आणि प्रस्ताव असतात. प्रत्येकाचा अभ्यास कोण करणार? अनोळखी गावात आपण ओळखीच्या नावाच्या दुकानात शिरतो, तसंच हे आहे.

शिवाय लोक बदलतात. मॉरिस फियोरिना यांनी १९८१ साली पक्षनिष्ठेची तुलना चालू खात्याशी केली. सरकारचा कारभार बघून मतदार मनात जमाखर्च मांडत राहतो आणि शिल्लक बदलली की निष्ठाही सरकते. याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतले गोरे मतदार. ते पिढ्यान्पिढ्या डेमोक्रॅट होते. १९६० च्या दशकात त्या पक्षाने नागरी हक्कांच्या कायद्यांची बाजू घेतली आणि ते दूर जाऊ लागले. पण किती हळू! अनेकांनी मत रिपब्लिकन उमेदवाराला दिलं, तरी स्वतःला डेमोक्रॅट म्हणणं वर्षानुवर्षं सोडलं नाही. मत आधी बदललं आणि ‘आम्ही अमक्याचे’ सुटायला जवळपास एक पिढी गेली.

जास्त शिकलेली माणसं या सगळ्यातून सुटतात, हा भ्रम मात्र सोडायला हवा. डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हजाराहून अधिक अमेरिकनांना आकड्यांचं एक कोष्टक वाचायला दिलं. ते पुरळावरच्या मलमाबद्दल आहे असं सांगितलं, तेव्हा गणितात पक्के असलेल्यांनी ते जास्त अचूक वाचलं. तशाच आकड्यांवर ‘बंदूकबंदी आणि गुन्हे’ असं शीर्षक दिल्यावर ते आपल्या बाजूच्या सोयीने वाचलं गेलं, आणि दोन बाजूंमधली दरी गणितात पक्के असलेल्यांमध्ये उलट जास्त रुंद होती. हुशारीचा उपयोग सत्य शोधायला होतो तसाच वकिली करायलाही होतो. काका ‘तुम्हा शिकलेल्यांना’ म्हणाले, त्यात तथ्य होतं.

‘का’ ऐवजी ‘कसं’

फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली लोकांना दोन प्रकारचे प्रश्न विचारून पाहिले. काहींना विचारलं, अमुक धोरण तुम्हाला का पटतं? त्यांच्या मतांची धार तशीच राहिली. काहींना विचारलं, हे धोरण नेमकं कसं चालतं ते पायरी पायरीने सांगा. हे लोक अडखळले, आपल्याला वाटत होतं तितकं कळत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि मतांची धार थोडी कमी झाली. नंतर हा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांपैकी काहींना मतं सौम्य झालेली दिसली नाहीत, पण ‘मला वाटत होतं तितकं कळत नाही’ हा भाग टिकला. मी स्वतःवर करून पाहिलं. माझ्या तीन कारणांपैकी एक आरोग्य विम्याबद्दलचं होतं. कोरा कागद घेऊन, पैसा कुणाकडून कुणाकडे जातो ते लिहायला बसले. चौथ्या ओळीवर अडले.

दुसरा उपाय डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांच्या २०१६ सालच्या प्रयोगातला. मायामीत कार्यकर्ते घरोघरी जाऊन ट्रान्सजेंडर लोकांबद्दल बोलले. त्यांनी वाद घातला नाही. लोकांना स्वतःचा अनुभव विचारला: तुम्हाला कधी वेगळं समजून कुणी बाजूला टाकलं होतं का? आणि ऐकून घेतलं. साधारण १० मिनिटांच्या गप्पांचा परिणाम तीन महिन्यांनंतरही दिसत होता.

पाडव्याला मी काकांना फोन केला. “काका, तुम्ही या पक्षात का, ते नका सांगू. कसे आलात ते सांगा,” असं म्हटलं. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “अगं, हे कुणी विचारलंच नाही आजवर.” १९७८ साली ते आले तेव्हा त्यांचं नाव नीट उच्चारणारा वर्कशॉपमधला एकच माणूस होता. त्याने त्यांना थँक्सगिव्हिंगला घरी बोलावलं, मुलांची ओळख करून दिली, आणि पुढे नागरिक झाल्यावर मतदान केंद्रावर स्वतःच्या गाडीतून नेलं. तो ज्या पक्षाचा, त्या पक्षाचे काका झाले. करांबद्दलची त्यांची मतं त्यानंतरची.

मग त्यांनी मला विचारलं. मीही आठवत गेले. पीएचडीच्या पहिल्या वर्षी एकटी होते, तेव्हा ज्या लॅबमधल्या मैत्रिणींनी मला आपलं म्हटलं, त्या सगळ्या एकाच पक्षाच्या होत्या. निवडणुकीच्या रात्री मी त्यांच्याबरोबर सोफ्यावर बसून रडले नाहीतर नाचले होते, आणि तेव्हा तर मला मताचा हक्कही नव्हता. माझा चौकोन त्या सोफ्यावर भरला गेला होता. शपथविधीच्या टेबलावर फक्त पेन टेकलं.

काकांचं मत बदललं नाही, माझंही नाही. विम्याबद्दल आम्ही अजूनही भांडतो, फक्त आता दोघांपुढे कागद असतो. “चौथ्या ओळीपर्यंत मला जमलं,” असं ते मागच्या आठवड्यात म्हणाले, “तुझं पुढे सरकलं का?”

तुम्हालाही करून पाहायचं असेल, तर तीन प्रश्न देते. उत्तरं बोलून न दाखवता लिहून काढा.

१. ‘माझा हा पक्ष’ असं तुम्ही पहिल्यांदा केव्हा म्हटलंत, आणि त्या वेळी तुमच्या आजूबाजूला कोण होतं?

२. तुम्ही देता त्यांतलं एक कारण निवडा. ते धोरण प्रत्यक्षात कसं चालतं, हे किती पायऱ्यांपर्यंत लिहिता येतं?

३. तुमच्या पक्षाने अलीकडे घेतलेला एक निर्णय घ्या आणि त्यावर दुसऱ्या पक्षाचं नाव लिहा. आता तो तुम्हाला कसा वाटतो?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना हात जरा थबकला, तर घाबरू नका. काचपट्टीवरचं लेबल झाकून पहिल्यांदा पेशी मोजल्या तेव्हा माझाही थबकला होता.